चौदा जणींची हजेरी

पद्मनाभपूरच्या त्या गल्लीत नळाला पाणी सव्वासहाला येई आणि सातच्या ठोक्याला जाई. गुलाबराव कापगते यांच्या घरातली सगळी सकाळ या पाऊण तासाभोवती बांधलेली होती. प्रेमलाबाई आधी पिण्याचं पाणी गाळून भरत, मग स्वयंपाकघरातली पातेली, मग न्हाणीघरातला निळा ड्रम. ड्रममध्ये पाण्याची धार पडू लागली की त्या चहाचं आधण ठेवत. गुलाबरावांना भिलाईच्या पोलाद प्लांटच्या कोक ओव्हन विभागातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी पहिल्या पाळीची सवय सुटली नव्हती. साडेपाचला उठून ते तलावापर्यंत फेरी मारत, येताना हिंदी वर्तमानपत्र घेऊन येत आणि ओसरीतल्या खुर्चीवर बसून ते शेवटच्या पानापासून वाचायला लागत. त्यांची एकुलती मुलगी प्रांजली सातला उठे, साडेआठला स्कूटीची सीट फडक्याने पुसून ठेवी आणि पावणेनऊला ताट घेऊन बसे. नऊला तिला नेहरू नगरच्या ऑफिसात जायला निघायचं असे.

त्या मंगळवारी ताटात तांदळाच्या पिठाचा, धिरड्यासारखा चीला होता आणि टमाट्याची चटणी. गुलाबराव आज वर्तमानपत्राची घडी काखेत धरून मुद्दाम आत येऊन बसले.

"काल आपल्या मराठी मंडळात तुयाच विषय होता," ते म्हणाले.

"माझा? मी काय केलं?"

"तुया म्हणजे तुया ॲपचा. शामराव इचारत होते, हेमराज सापडला कसा म्हणून. मी सांगतलं, पोरीनं असं बनवलं आहे का, हजेरी फोनवरून भरली का कंपुटरवरून, सारं आपोआप समजते. सतरा-अठरा माणसं होती. सारे आ वासून ऐकून राहिले होते."

प्रांजलीचा घास हातातच राहिला. "कोणता हेमराज, बाबा?"

"लांजेवाराचा. आपल्या लाखनीकडचा. कुम्हारीच्या कारखान्यात टाइमकीपर होता ना तो. बाया कामावर आल्या नाई तरी गेटच्या केबिनमंदी बसून कंपुटरवरून त्याईची हजेरी भरत होता म्हणे. चौदा जणीची! काढून टाकलं त्याले. बायाईचे गेटपासबी बंद केले."

"मले नाई पटत," प्रेमलाबाई ओट्याकडून मागे न वळता म्हणाल्या.

"तुले कावून पटन? रिपोर्टमंदी लिवून आहे."

"रिपोर्टनं त्याले पाह्यलं आहे का? मी पाह्यलं आहे. तुमी दवाखान्यात होते तवा रात्रपाळी करून आला का तुमच्या उशाशी कोण बसे? रिपोर्ट बसत होता का?"

"माणूस बदलते, प्रेमला."

"हाव. माणूसच बदलते, मशीनले मात्र काही होत नाई."

गुलाबराव हसले आणि मुलीकडे कौतुकाने पाहू लागले. प्रांजलीने चीला अर्धा टाकला. कुम्हारीचा तो कारखाना म्हणजे त्यांच्या ॲपमधली ‘साइट दोन’, हे तिला ठाऊक होतं. त्या साइटच्या चौदा ओळी लाल झालेल्या तिने गेल्या सोमवारी पडद्यावर पाहिल्या होत्या आणि चाचणी खरी ठरली म्हणून तिला थोडं बरंही वाटलं होतं. त्या ओळींत नावं नव्हती, नुसते क्रमांक होते.

ऑफिसात पोहोचेपर्यंत तिने स्वतःला दोनदा समजावलं की आई भाबडी आहे. पण संगणक सुरू होताच तिने दुसरं काही न उघडता साइट दोनच्या नोंदी उघडल्या.

ऑफिस म्हणजे एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि सहा माणसं. ॲप एकदाच लिहायचं आणि तेच अँड्रॉइडवर, आयफोनवर, ब्राउझरमध्ये, सगळीकडे चालवायचं, अशी तिथल्या कामाची रीत होती. हजेरीचं हे ॲपही तसंच होतं. सकाळी गेटवरच्या फळ्यावर चार आकडी संकेत लिहिला जाई. कामगाराने तिथे उभं राहून आपल्या फोनवर आपला क्रमांक आणि तो संकेत भरायचा आणि ‘हजर’ हे बटण दाबायचं. हजेरी फोनवरूनच व्हावी, कोणी केबिनमधल्या संगणकावरून दुसऱ्याची भरू नये, ही कारखान्याची अट होती. म्हणून समोरचं यंत्र कोणतं आहे हे ओळखण्याचं काम ॲपकडे आलं आणि ते प्रांजलीने नोव्हेंबरात लिहून दिलं होतं.

ॲप फोनमध्ये बसवलेलं असेल तर ती ओळख अवघड नव्हती. पण साइट दोनवरच्या बायकांचे फोन जुने, त्यांत जागा नाही, म्हणून त्यांना ब्राउझरमध्ये उघडणारी लिंक दिली होती. ब्राउझर आपण कोण आहोत हे एका ओळीत स्वतःच लिहून पाठवतो. प्रांजलीची अकरा ओळींची चाचणी त्या ओळीत फोनची नावं शोधी. नाव सापडलं तर फोन. न सापडलं तर संगणक आणि मग ती हजेरी ‘संशयास्पद’.

चौदाही क्रमांकांपुढे एकच शब्द होता: लिनक्स. केबिनमधल्या संगणकावर लिनक्स असणं तिला चमत्कारिक वाटलं. अशा केबिनांतून नेहमी विंडोज असतं. तिने शेजारचा रकाना पाहिला. त्यात पानाची रुंदी नोंदलेली होती: नऊशे ऐंशी. खालच्या ओळीत नऊशे ऐंशी. त्याखालीही तेच. चौदाच्या चौदा. संगणकाचं पान सहसा इतकं अरुंद नसतं; फोन मोठं पान दाखवतो तेव्हा मात्र हाच ठरलेला आकडा येतो.

तिने स्वतःचा फोन काढला. ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं, खाली ‘डेस्कटॉप साइट’ असं लिहिलेलं होतं त्याच्यापुढे खूण केली आणि चाचणीच्या खात्यातून हजेरी भरली. पडद्यावर नवी ओळ उमटली. लिनक्स, संगणक, नऊशे ऐंशी. ओळ लाल झाली.

ती खूण केली की फोन स्वतःला संगणक म्हणवून घेतो, म्हणजे मोठं पान बघायला मिळतं. हे तिला कॉलेजपासून माहीत होतं. ऑफिसातल्या पाच नव्या फोनांवर चाचणी करताना मात्र ती खूण कोणी केली नव्हती, कारण करायची कुणाला गरजच पडली नव्हती.

अभिनव हा ऑफिसचा मालक, वय पस्तिशीचं. त्याचं लहानपण भिलाईच्याच सेक्टरमधल्या क्वार्टरात गेलं होतं. प्रांजलीने आपला फोन त्याच्यासमोर ठेवला आणि ती लाल ओळ दाखवली. त्याला फार सांगावं लागलं नाही.

"किती ओळी बदलाव्या लागतील?" त्याने विचारलं.

"तीन. बोटाने चालणारा पडदा आहे का तेही तपासायचं, बस."

"मग आजच बदल. संध्याकाळी नवीन व्हर्जन टाकू. किस्सा खतम."

"आन् आधीचं, भैय्या?"

"आधीचं म्हणजे?"

"चौदा बाया. आन् तो टाइमकीपर. त्याला काढलं आहे."

अभिनवने उठून दार लोटलं. खालच्या क्लासातून रसायनशास्त्राची सूत्रं एका सुरात म्हटल्याचा आवाज येत होता तो मंद झाला. "देख प्रांजली, आपण रिपोर्टमंदी काय लिहिलं? संशयास्पद. चोर लिहिलं का? चौकशी त्यांनी केली, काढलं त्यांनी."

"चौकशीत कागद आपलाच होता."

"पुढच्या हप्त्यात तीन नव्या साइटचं पक्कं व्हायचं आहे. आन् आज आपण जाऊन सांगायचं, के साहब, हमारा ॲप फोन और कंप्यूटर में फरक नहीं समझता? सहा घरं चालून राहिली आहेत या दोन खोल्यांवर. तुझं त्यातलंच."

"माहीत आहे."

"मी तुले खोटं बोल नाई म्हणत. फक्त बोलू नको म्हणतो. दोन्हींत फरक आहे."

 अभिनव वाईट माणूस नव्हता. वडिलांच्या आजारपणात पुण्याची नोकरी सोडून ती परतली तेव्हा आठ महिने कोणी तिला दारात उभं केलं नव्हतं. त्याने अर्धा तास बोलून दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं होतं. त्याच्याशी बोलताना तिचा आवाज म्हणूनच चढत नसे.

तिने दुपारपर्यंत तीन ओळी बदलल्या. दोन वाजता ती उठली. "कुम्हारीला जाऊन येते."

"कारखान्यात?" अभिनवने एकदम मान वर केली.

"नाई. हेमराज लांजेवारच्या घरी. बायांनी ती खूण केली कशाला, हे मला समजलं पाहिजे."

त्याने मान पुन्हा खाली घातली.

हायवेवरून ट्रकांच्या मधून स्कूटी चालवत ती कुम्हारीला पोहोचली तेव्हा तिच्या ओढणीवर धूळ बसली होती. हेमराजचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. अंगणात तो बाज विणत बसला होता. पन्नाशीला आलेला, उंच, हात काटकुळे. तिला ओळखताच त्याने बनियनवर सदरा चढवला आणि आतून खुर्ची आणली. "गुलाबरावकाकाची तब्येत बरी आहे ना?" हे त्याने सगळ्यांत आधी विचारलं. "बरी आहे," म्हणून प्रांजली खुर्चीच्या कडेवर टेकली.

"हेमराजभाऊ, केबिनमधला कंपुटर चालू केला की पडद्यावर खिडकीचं चित्र येते का?"

"येते ना. निळी खिडकी." तो गोंधळून म्हणाला. "कावून?"

"बायांना फोनमध्ये ‘डेस्कटॉप साइट’वर टिक करायला कोणी सांगितलं होतं का?"

"मीच सांगतलं." तो लगेच म्हणाला. "कौशल्याबाईच्या फोनवर हजरचं बटनच दिसेना. तिनं अक्षरं मोठी करून ठेवली आहेत, डोळे कमजोर म्हणून. पान खाली सरकेचना. दोन दिवस मी वहीत लिवलं, तं मॅनेजर मनला वही बंद, ॲपवरच पाह्यजे. मंग मी खटपट करून पाह्यली. ते टिक केलं आन् सारं पान लहान झालं, बटन दिसलं. बाकीच्याईलेबी तेच करून देलं. चौदाई जणीले."

"हे चौकशीत सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगतलं ना, बाप्पा. ते मनले, फोन फोन असते आन् कंपुटर कंपुटर असते, आमाले शिकवू नको." हेमराजने सुंभाची गाठ ओढून घट्ट केली. "तीनदा सांगतलं. मंग मलेच वाटाले लागलं, या बाया मले न सांगता दुसऱ्याच कोणाकडून भरून राहिल्या का काय. कागदावर छापून होतं ना. मशीन कावून खोटं बोलन? त्याले काय गरज? मी कौशल्याबाईले देवाची शप्पथ घ्याले लावली. सगळ्याईच्या समोर. तिनं घेतली. तवापासून माह्यासंग बोलत नाई ती."

प्रांजलीने आपल्या हातांकडे पाहिलं. एका लाल ओळीने नोकरी गेली हे तिला सकाळीच कळलं होतं. पण अकरा वर्षं एका गेटवर रोज एकमेकांना ‘राम राम’ करणाऱ्या दोन माणसांत ती ओळ कुठवर शिरली होती, हे तिच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

"कौशल्याबाई कुठे राहतात?"

"ते काय, पल्याडचं निळं दार. पण मी नाई येत."

निळ्या दारातून कौशल्या बाहेर आली ती हात पुसतच. ठेंगणी, सावळी, कपाळावर मोठं कुंकू. काय आहे ते ऐकून घेतल्यावर ती हेमराजच्या अंगणाच्या कडेपर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. "अठूनच सांगा काय सांगाचं ते."

प्रांजलीने तिचा फोन मागून घेतला. अक्षरं खरोखरच बोराएवढी होती. तिने खूण काढून टाकली. ‘हजर’ बटण पडद्याच्या बाहेर गेलं आणि पान काही केल्या सरकेना. तेही तिच्याच ऑफिसात बनलेलं पान होतं. तिने खूण पुन्हा केली, चाचणीचा संकेत भरून बटण दाबलं आणि पिशवीतून काढलेल्या लॅपटॉपवर उमटलेली लाल ओळ दोघांना दाखवली.

"हे पाहा. आत्ता तुमच्याच फोनवरून भरली, आणि इथे कंपुटर लिहून आलं. टिक केली की फोन म्हणतो मी कंपुटर आहे. मी लिहिलेल्या चाचणीनं ते खरं मानलं. तपासलं नाही. चूक माझी आहे."

कौशल्याने लॅपटॉपकडे वाकून पाहिलं. "म्हणजे आमी बाया आहो का कंपुटर आहो, हेच तुमाले समजलं नाई?"

"नाही समजलं."

"बरं झालं बाई! चौदा कंपुटर झाडू मारत होते मंग कारखान्यात. तरीच म्हणतो, पाठ कावून दुखते!" ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ते तिने पदराने रागाने पुसले आणि हेमराजकडे वळली. "आन् तुमी. तुमी तं आमाले रोज डोळ्यानं येताना पाहत होते ना, भाऊ? तरी शप्पथ घ्याले लावली."

हेमराजने मान वर केली नाही. "चुकलो, बाई," तो बाजेच्या सुंभाला उद्देशून म्हणाला.

"हे तिकडे सांगाल का तुमी?" कौशल्याने प्रांजलीला विचारलं.

"हो. सांगते."

"तोंडानं नोका सांगू. तोंडानं तं आमीबी सांगतलं होतं. कागदावर लिवून द्या. त्याईच्या हातात कागद आहे तं आपल्याबी हातात कागद पाह्यजे."

प्रांजलीच्या ओठांवर ‘देते’ आलं आणि तिथेच थांबलं. बंद दाराआड बसलेला अभिनव तिच्या डोळ्यांसमोर आला. "पाहते," ती म्हणाली.

"पाहाचं काय राहिलं आता?" कौशल्या म्हणाली. "पाहून तं झालं."

परतीच्या वाटेवर ती ऑफिसात गेली नाही. घरी पोहोचली तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. गुलाबराव देवापुढे उदबत्ती लावत होते. ती पायरीवर बसली आणि तिथूनच सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, अभिनवचं म्हणणंसुद्धा. प्रेमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. 

गुलाबरावांनी हातातली उदबत्ती देवापुढे खोचली. "मी सतरा-अठरा माणसात सांगून आलो," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा. मलाच नव्हतं."

"लिवून देशीन तं नोकरी राहीन का तुयी?"

"नाही सांगता येत. कदाचित जाईल. आणि तीन साइट गेल्या तर बाकीच्यांचंही अवघड होईल."

ते तिच्याशेजारी पायरीवर टेकले. "आमच्याकडं रिवाज होता. पाळी सोडताना आपल्या हातून काही गडबड झाली असन, तं आपणच लॉगबुकात लिवाचं. कोणता व्हॉल्व्ह अडकला, कोठी आपण झडप उघडी ठेवली. साहेबाच्या भीतीनं नाई. दुसऱ्या पाळीचा माणूस भरोशानं हात घालते म्हणून." ते थांबले. "सारेच लिवत नव्हते. मीबी दर बारीनं लिवलं असं नाई. आन् जवा लिवलं तवा माही नोकरी पक्की होती. बोलणी खाल्ली का विषय संपला. तुयं तसं नाई. म्हणून मी तुले कर म्हणत नाई, नोको करू असंबी म्हणत नाई."

"आणि मंडळात?"

"ते माहं आहे. ते मी पाहतो." त्यांनी उठताना गुडघ्यावर हात टेकला. थोड्या वेळाने आतून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. नेहमी मोठ्याने बोलणारे गुलाबराव शामरावांशी हळू आवाजात बोलत होते आणि तीच तीच वाक्यं त्यांना दोनदा सांगावी लागत होती.

 जेवताना प्रांजलीच्या मनात हिशेब सरळ बसत नव्हता. एका बाजूला सहा घरं, दुसऱ्या बाजूला पंधरा. पण घरं मोजून हा प्रश्न सुटत नाही हे तिला कळत होतं. सहा घरांचं जे होईल ते पुढे कधीतरी, कदाचित होईल. पंधरा घरांचं होऊन गेलं होतं आणि ते तिने केलं होतं.

बुधवारी ती नऊच्या आधीच ऑफिसात पोहोचली. कारखान्याचा सगळा व्यवहार हिंदीत चाले, म्हणून पत्र तिने हिंदीत लिहिलं. एकच पान. ‘डेस्कटॉप साइट’ची खूण केल्यावर फोनची नोंद संगणक म्हणून कशी होते, कोणत्या तारखेपासून, कोणत्या चौदा क्रमांकांच्या, किती नोंदी त्यामुळे चुकीच्या ठरल्या, बटण दिसत नसल्याने ती खूण कामगारांना करावी लागली, तो दोषही पानाच्या रचनेचा होता, या नोंदींवरून कोणाचीही अफरातफर सिद्ध होत नाही, ही चाचणी मी लिहिली आणि तपासून पुढे पाठवणारीही मीच. खाली तिने आपलं नाव आणि मोबाइल क्रमांक टाकला. ‘क्षमा’ हा शब्द तिने एकदा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला आणि राहू दिला.

अभिनव आला तेव्हा ती पत्र घेऊन त्याच्या टेबलाशी उभी होती. त्याने ते वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"लेटरहेडवर नको," तो म्हणाला.

"साध्या कागदावर काढते."

"मग हे तुझं झालं. कंपनीचं नाई."

"हो, भैय्या. माझंच आहे."

"आन् साइट गेल्या तर?"

"तर मी इथं राहायचं का नाही ते तुम्ही ठरवा. मी काही म्हणणार नाही."

"तू काही म्हणणार नाई हे मले माहीत आहे. तेच तं वाईट आहे ना. भांडली असती तर मलेबी भांडता आलं असतं." तो खुर्चीत मागे रेलला. खाली क्लास सुरू होत होता; बाक ओढल्याचे आवाज येत होते. अभिनवने मग पुढे सरकून आपल्या संगणकावर साइट दोनच्या नोंदी उघडल्या आणि पत्राशी एकेक ताडून पाहू लागला. प्रांजली उभीच होती. पाच-सात मिनिटांनी त्याने पेन्सिलीने एका आकड्याभोवती गोल केला.

"चौथ्या ओळीत तारीख चुकली आहे. तीन नाई, चार फेब्रुवारी. चौदा गुणिले चार दिवस, छप्पन्न नोंदी. नाहीतर ते म्हणतील, हिला इथंही बरोबर मोजता येत नाई." त्याने पत्र तिच्याकडे सरकवलं आणि पडद्याकडे तोंड फिरवलं.

तिने तारीख दुरुस्त केली, साध्या कागदावर दोन प्रती काढल्या आणि दोन्हींवर सही केली.

कारखान्याच्या आवक खिडकीशी एक चष्मेवाला कारकून बसला होता. "किस बारे में है?" त्याने पत्राकडे न बघता विचारलं.

"गेटपास के बारे में. चौदा गेटपास, और एक टाइमकीपर."

"ठेकेदार की तरफ़ से?"

"नहीं. मेरी तरफ़ से."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे एकदा पाहिलं, नोंदवहीत ओळ भरली, दोन्ही प्रतींवर शिक्का मारला आणि वेळ लिहिली: अकरा चाळीस. एक प्रत त्याने ट्रेमध्ये टाकली, दुसरी खिडकीतून बाहेर दिली. शिक्क्याची शाई ओली होती, म्हणून ती कागदाची घडी न घालता तो हातात उघडाच धरून हायवे ओलांडून गेली. समोर एक झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानदाराने किती, असं विचारलं.

"पंधरा," प्रांजली म्हणाली आणि प्रती निघेपर्यंत बाहेर स्कूटीला टेकून उभी राहिली.